भिंतीकडे तोंड करून

आपल्याच गावची इमारत मोजायला घेतली तर निदान कोणी अडवणार नाही, एवढाच विचार मी केला होता. तो चुकीचा निघाला.

नागपूरला आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आम्हाला एक काम दिलं जातं. आपल्या भागातली एखादी सार्वजनिक इमारत निवडायची, ती टेपनं मोजायची आणि तिचा नकाशा, तिचा उभा छेद कागदावर काढायचा. वर्गातल्या मुलींनी देवळं घेतली, एकीनं पायऱ्यांची विहीर घेतली. मी आमच्या गावातलं सैनिकांचं स्मारक घेतलं. ते गोल आहे, वर घुमट आहे, म्हणून सरांना आवडेल असं वाटलं. दुसरं कारण म्हणजे त्याची चावी माझ्या वडिलांकडे असते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कोणाकडे परवानगी मागायची, अर्ज कोणाच्या नावानं करायचा, हे मला कळत नाही. चावी घरातच असेल तर बरं, असा माझा साधा हिशेब होता.

आमचं गाव पवनी तालुक्यात, कोंढ्याच्या पुढे. रस्त्याच्या दोन्ही अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मागे तलाव. गावात शिरताना डाव्या हाताला स्मारक लागतं. गावातले तिघं सैन्यात होते, सीमेवर गेले आणि परत आले नाहीत. त्यांच्यासाठी ते बांधलं. तिघांतले एक माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, माझे मोठेबाबा. मी त्यांना पाहिलेलं नाही. दुसरे कोष्टीपुऱ्यातले, म्हणजे माग चालवणाऱ्या विणकरांच्या मोहल्ल्यातले. तिसऱ्यांच्या घराला आता कुलूप आहे. ती मंडळी शहापूरकडे राहायला गेली.

इमारत बाहेरून साधी आहे. उंच जोतं, चार पायऱ्या, गोल भिंत आणि वर पांढरा, जरा बसकट घुमट. दार एकच, पूर्वेला. खिडक्या नाहीत, भिंतीत उंचावर सिमेंटच्या जाळ्या आहेत. आतून भिंतीला माणसाच्या डोक्यापर्यंत गुळगुळीत फरशी लावलेली आहे, पुसायला सोपी म्हणून. मधोमध गुडघ्याएवढी काळी शिळा, तिच्यावर तीन नावं. घुमटाच्या माथ्यावर मात्र काहीच नाही. एक गंजलेली सळाख तेवढी वर निघालेली दिसते. पुढे काहीतरी बसवायचं होतं आणि राहून गेलं, असं ते दिसतं.

या सळाखेबद्दल गावात दोन गोष्टी सांगतात. आमच्या बस्तीत, म्हणजे बौद्ध लोकांच्या वस्तीत, असं मानतात की मूळ नकाशात वर छत्र होतं, स्तूपावर असतं तसं, आणि कोष्टीपुऱ्यानं ठेकेदाराला गाठून ते रद्द करवलं. कोष्टीपुऱ्यात असं मानतात की कळस ठरला होता आणि बस्तीनं तो अडवला. बसथांब्यावरच्या चहावाल्यानं मला तिसरंच सांगितलं. ठेकेदार तेव्हा दुसऱ्या गावी पाण्याची गोल टाकी बांधत होता, तिच्या सेंट्रिंगचे, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याचे, वाकवलेले पत्रे उरले, ते त्यानं इथे वापरले, म्हणून घुमट झाला. सगळं मोजून झाल्यावर मला तिसरं खरं वाटतं. पण मी ते गावात कुठे बोलले नाही. बोलले असते तर चहावाल्याला कोणी सांगायला लावलं, याचाच शोध सुरू झाला असता.

गेल्या पावसाळ्यात घुमट गळायला लागला. दुरुस्ती ठरली. माणसं वर चढणारच आहेत तर सळाखेचाही निकाल लावून टाकू, असं कोणीतरी म्हणालं आणि बैठकी सुरू झाल्या.

बैठक स्मारकातच होते. कोणत्याच मोहल्ल्यात न मोडणारी, छप्पर असलेली गावातली तेवढी एकच जागा. तिथे बसण्याची एक रीत आहे. चपला पायरीवर काढायच्या. शिळेकडे पाठ करायची नाही. त्यामुळे मध्ये कोणीच बसत नाही. सगळे भिंतीला टेकून, शिळेकडे तोंड करून गोल बसतात. दारातून गेलं की उजव्या अंगाला बस्ती, डाव्या अंगाला कोष्टीपुरा, दाराजवळ दोन्हीकडच्या बाया. आणि आपसात काही बोलायचं झालं तर शिळेसमोर कुजबुजणं बरं दिसत नाही, म्हणून मान वळवायची, भिंतीकडे तोंड करायचं, दुपट्टा नाहीतर पदर तोंडाशी धरायचा आणि हळू बोलायचं. लहानपणापासून मी मोठ्यांना हेच करताना पाहिलं. यात काही विशेष आहे असं कधी वाटलं नाही.

पहिल्या बैठकीत बस्तीनं भिंतीकडे तोंड करून असं ठरवलं की आधी छत्र मागायचं, ते नाही मानलं तर चक्रावर यायचं. बोलायला उठले आमचे काका. ते नात्यानं काका नाहीत, सगळी बस्तीच त्यांना काका म्हणते. तालुक्याच्या कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले, बोलण्यात पक्के. त्यांनी घसा खाकरला, तेवढ्यात समोरून कोष्टीपुऱ्याचे दादाजी म्हणाले, "छत्र मांगून मंग चक्रावर येनार असान त सरळ चक्रच सांगा ना बाप्पा. टाइम कायले घालवता?"

काका तसेच खाली बसले. पुढच्या बैठकीत उलटं झालं. कोष्टीपुऱ्याचा बेत काकांना आधीच ठाऊक होता आणि त्यांनी तो सगळ्यांसमोर बोलून दाखवला. मग दोन्हीकडे एकच बोलणं सुरू झालं: कोणीतरी इकडचं तिकडे करून राहिलं.

बैठकीत सगळे आपल्या जागी बसून असतात. फिरतो एकच माणूस, पाण्याचा जग घेऊन, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो माणूस म्हणजे माझे बाबा.

बाबांना स्मारकाचा पगार नाही. ते शेतमजुरी करतात, हंगाम नसला की गवंड्याच्या हाताखाली जातात. सकाळी कामावर जायच्या आधी स्मारक उघडून झाडायचं, शिळा ओल्या फडक्यानं पुसायची, हे ते माझ्या जन्माआधीपासून करत आले. मोठेबाबांची दुसरी कोणतीच खूण आमच्याकडे नाही. त्यांना गावात आणलं नव्हतं, तिकडेच अग्नी दिला होता. बाबांसाठी ती शिळाच सगळं आहे.

सुट्टीत मी घरी आले तेव्हा शेजारची काकू अंगणात येऊन बसली. गहू निवडता निवडता आईला म्हणाली, "वैनी, भाऊजी लय जातात म्हने कोष्टीपुऱ्यात."

"जातात. लहानपनापासून जातात."

"तसं नाई, आमी कुठं काई म्हनतो. लोकं म्हनून राहिले. चावी काढून घ्याची म्हनतात ह्या टायमाले."

जेवताना आईनं बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "घेतली त घेतली. मले काय चावी मिरवाची हाये? पन मंग भाऊची शिळा पुसाले कोनाले विचारून जाऊ?"

एवढंच बोलले आणि ताट सरकवून उठले.

मला बाबांचा संशय येत नव्हता असं म्हणता येणार नाही. ते कोष्टीपुऱ्यात जात होते हे खरंच होतं. मोठेबाबांबरोबर शाळेत असलेला एक विणकर आहे, त्याच्या मागाच्या खोलीत ते बसायचे. एकदा मी दूध आणायला त्या गल्लीत गेले होते. मागाचा आवाज बंद होता आणि दोघं जवळ बसून बोलत होते. मी दिसले तसे बाबा गप्प झाले आणि विणकरानं पाय पेडलवर ठेवून माग सुरू केला. मी बाबांना विचारलं नाही. पण मनात हिशेब चालू झाला. पाण्याचा जग घेऊन कोण फिरतं. दोन्हीकडे कोणाची उठबस आहे. बोलता बोलता कोण थांबतं. शिकलेल्या माणसानं पुरावा पाहावा म्हणतात, आणि माझा सगळा पुरावा एकाच बाजूला जात होता.

मी मोजायला सुरुवात केली आणि आणखी भलतंच झालं. टेप घेऊन जोत्याभोवती फिरणारी मुलगी पाहून लोक थांबायला लागले. एकानं सायकलवरूनच विचारलं, "काहून वं, रस्ता रुंद होऊन राहिला का?"

"नाही काका, कॉलेजचं काम आहे."

"कॉलेजचं काम कॉलेजात रायते. इथं काहून मोजून राहिली?"

दुसऱ्या दिवशी घुमटाची उंची घ्यायला मी पवनीच्या बाजारातून गॅसचा फुगा आणला. त्याला दोरा बांधून आत सोडायचा, तो माथ्याला टेकला की दोरा मोजायचा, ही युक्ती वर्गात शिकवली होती. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की बस्तीच्या पोरीनं स्मारकात कॅमेरा सोडला. बस्तीत मात्र वेगळी कुजबुज होती: बापानंच पोरीला कामाला लावलं, कोष्टीपुऱ्यासाठी कळसाचं माप काढून राहिले.

टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो. कोणी येईना, म्हणून बाबाच आले. टेप शिळेवरून न्यायचा नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं. मग मी भिंतीकडेनं घेरा मोजायचा ठरवला. बाबांनी कोष्टीपुऱ्याच्या बाजूला भिंतीशी उकिडवं बसून टेपचं टोक फरशीला दाबून धरलं आणि मी टेप सोडत सोडत भिंतीलगत सरकत त्यांच्या बरोबर समोर, बस्तीच्या बाजूला आले. आमच्या दोघांच्या मध्ये सगळं दालन आणि शिळा.

तेवढ्यात ताईचा फोन आला. ताई करडीला दिली आहे. चावीचं प्रकरण तिच्याशिवाय मी कोणाजवळच बोलले नव्हते. घुमटाखाली जरा मोठ्यानं बोललं की घुमतं, आणि समोर बाबा होते. म्हणून सवयीनं मी मान वळवली, भिंतीकडे तोंड केलं, ओढणी तोंडाशी धरली.

ताईनं विचारलं, "मंग, बाबाची चावी जाते का?"

मी अगदी ओठातल्या ओठात म्हणाले, "जाईन असं वाटते. ताई, आन मले बी वाटते का बाबाच सांगतात तिकडं. कोनी नाई त कोन?"

ताई काही म्हणायच्या आत कानाशी आवाज आला. कोणीतरी खांद्याजवळ बसून बोलावं इतका जवळ.

"मी नाई सांगत, बाई."

मी फोन खाली घेतला. माझ्याजवळ कोणी नव्हतं. समोर, दालनाच्या त्या टोकाला, बाबा तसेच उकिडवे बसले होते. टेप फरशीला धरलेला. तोंड भिंतीकडे.

मी पुन्हा भिंतीकडे वळले आणि हळूच म्हणाले, "बाबा, ऐकू येते?"

"येते ना." तेच जवळचं, हळू बोलणं. "तू कानात बोलून राहिली असं वाटते."

मग आम्ही जागा बदलून पाहिल्या. भिंतीपासून हातभर पुढे सरकून बोललं की काही येत नव्हतं. बरोबर समोर नसलं की नुसतं गुणगुणल्यासारखं येत होतं. पण समोरासमोर, भिंतीकडे तोंड करून बोललं की आवाज गुळगुळीत फरशीवरून भिंतीभोवती सरकत यायचा आणि जसाच्या तसा पोचायचा. विजापूरच्या गोल घुमटात असं होतं हे मला शाळेत असल्यापासून माहीत होतं. टाकीच्या पत्र्यांवर उभ्या राहिलेल्या आपल्या गावच्या घुमटाखाली तेच होत असेल, हे डोक्यात आलं नव्हतं. मुद्दाम कोणी असं बांधलं असेल असं वाटत नाही. दार एक, खिडकी नाही, पुसायला सोपी फरशी. प्रत्येक गोष्ट वेगळ्याच कारणानं झाली. आणि शिळेचा मान राखायचा म्हणून गावानं जी बसायची रीत पाडली, भिंतीला टेकून, भिंतीकडे तोंड करून, तिनं उरलेलं काम केलं.

मला आनंद झाला होता. बाबांना झालेला दिसला नाही.

"सांगू ना आपन सगळ्याईले," मी म्हणाले.

"कोन मानते?" बाबा टेप गुंडाळत म्हणाले. "बापाले वाचवाले पोरीनं काढलं म्हनतीन."

"पण खरं आहे ना."

"खरं हाये म्हनून त काय झालं?"

मी फोनवर जे बोलले होते त्याबद्दल ते काही म्हणाले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. गुंडाळलेला टेप त्यांनी माझ्या हातात दिला आणि कुलूप लावलं.

तरी मी काकांकडे गेले. त्यांना पटलं तर बस्तीला पटेल असं वाटलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं, मला चहा दिला. मग म्हणाले, "बेटा, तू शिकून राहिली, आमाले गर्व हाये. पन भिंत बोलते हे बैठकीत सांगशीन त लोकं हासतीन. उगीमुगी रहा." जाताना पुन्हा म्हणाले, "आन कोष्टीपुऱ्यात नको सांगू." तेव्हा मला ते मायेचं बोलणं वाटलं होतं.

बैठकीच्या दिवशी मी आईबरोबर दाराजवळ बसले. घुमटावर काय बसवायचं हा विषय निघायच्या आधीच काका उठले. "आधी चावीचा विषय घेऊ," ते म्हणाले. "चावी एका घरात राहू नये. दोनी मोहल्ल्यात फिरती ठेवा." समोरून दोघातिघांनी माना हलवल्या. कोणत्याही गोष्टीवर बस्ती आणि कोष्टीपुरा एक झालेले मी पहिल्यांदाच पाहत होते. बाबा जग घेऊन शिळेजवळ उभे होते. त्यांनी जग खाली ठेवला आणि खिशात हात घातला.

मी उठले. बैठकीत मी कधी बोलले नव्हते. काय काय बोलले ते नीट आठवत नाही. घेरा, फरशी, आवाज असं काहीतरी बोलत होते आणि मध्येच कॉलेजातले शब्द येत होते, ते मलाच परके वाटत होते. मग कोष्टीपुऱ्यातला एक माणूस म्हणाला, "थ्या दिवशी फुगा सोडला होता ना, त्याच्यातच काई लावलं असन. ब्लूटूथ गिट."

"मोबाइल ठेवून घ्या तिचा," बस्तीतून कोणी म्हणालं.

मी मोबाइल शिळेजवळ नेऊन ठेवला. ओढणी झटकून दाखवली. मला रडायला येत होतं.

तेव्हा दादाजी हसले. ते वयानं बाबांपेक्षा मोठे, तोंडात दात थोडे. "पोरगी एवढी म्हनते त पाहून घेऊ ना," ते म्हणाले. "मी बोलतो. काका, तुमी आपल्या जागेवर बसा. तुमची थे नेहमीची जागा."

काका बसले. दादाजींनी दुपट्टा तोंडाशी घेतला, भिंतीकडे वळले. त्यांच्या शेजाऱ्यालाही ऐकू गेलं नसेल इतकं हळू काहीतरी पुटपुटले आणि पुन्हा शिळेकडे तोंड करून बसले.

"आलं का काई?"

काकांनी मान हलवली. "काई नाई आलं."

पण ते म्हणतानाच त्यांचं अंग दाराकडे झुकलं होतं. मान लांब करून ते पायऱ्यांकडे पाहत होते. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी ओठ दाबून धरले होते.

"मंग तिकडं काय पाहून राहिले?" दादाजी म्हणाले. "मी म्हनलो, काकाच्या नव्या चपलीवर कुत्रं मुतून राहिलं."

आधी कोष्टीपुरा हसला, मग बाया, मग बस्ती. काकाही शेवटी हसले, पण उशिरा. हसणं घुमटात घुमून परत आलं आणि मग हळूहळू बंद पडलं. जो तो आठवायला लागला होता. कोष्टीपुऱ्याच्या बाजूची एक म्हातारी पदर सावरत म्हणाली, "म्हंजे मांगच्या साली मी माह्या सुनेबद्दल बोलली होती..."

"थे आलं होतं," आमच्या बाजूनं एक बाई म्हणाली.

मी काकांकडे पाहत होते. बैठक कोणतीही असो, ते कधी दुसऱ्या जागी बसले नव्हते. एकदा कोणी तिथे आधी बसलं तर त्यांनी उठवलं होतं. मग मी दादाजींकडे पाहिलं. काकांना नेमकं तिथेच बसवायचं हे त्यांनी मला विचारलं नव्हतं. स्वतः कुठे बसायचं तेही विचारलं नव्हतं. ते आधीच काकांच्या बरोबर समोर होते. दोघांनाही हे किती दिवसांपासून माहीत होतं, ते मला सांगता येणार नाही. कदाचित माझंच मन आता तसं झालं असेल. पण बाबांवर बोट गेलं तेव्हा दोघंही गप्प बसले होते, एवढं खरं.

चावीबद्दल त्यानंतर कोणी बोललं नाही. बाबांचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला. मला वाटलं, झालं.

पण बैठक उठायच्या आधी काका म्हणाले, "आता भिंत बोलते हे समजलंच त एक करू. बैठकीत ज्याचं काम असन त्यानंच आत बसाव. पानी दारात ठेवू, ज्याले लागन थो घेईन. फिरनाऱ्या मानसाले दोनीकडचं ऐकू येते. आज नाई, पन उद्या पुन्हा कोनाच्या मनात येईन. चावीवाल्यानं बाहेर बसाव, हे त्याच्यासाठीच बरं."

"बरोबर हाये," दादाजी म्हणाले.

बाबा म्हणाले, "चालते." मी काही म्हणणार होते, आईनं माझा हात दाबला.

कॉलेजात माझं काम सरांना आवडलं. उभ्या छेदात घुमटाचा बसकटपणा बरोबर आला आहे, असं ते म्हणाले. आवाजाचा मार्ग मी लाल रेघेनं दाखवला होता, तो त्यांनी वर्गाला दाखवला आणि विचारलं की गावातल्या लोकांना हे कळल्यावर काय वाटलं. मी म्हणाले, हसले. ते खोटं नव्हतं.

परवाच्या सुट्टीत पुन्हा बैठक होती. सळाखेचा शेवटचा निकाल लागायचा होता. दोन्हीकडची माणसं आता आधीच बाहेर बोलून येतात, बस्ती बोरीच्या झाडाखाली, कोष्टीपुरा बसथांब्यावर, आणि आत कमी बोलतात. भिंतीला टेकूनच बसतात, पण मान कोणी वळवत नाही. बाबांनी दार उघडलं, आत झाडलं, शिळा पुसली, पाण्याचा जग उंबऱ्याशी ठेवला आणि पायरीच्या बाजूला, चपलांजवळ येऊन बसले. मी त्यांच्या शेजारी बसले. आत त्यांच्या भावाच्या नावावर काय उभं राहणार ते ठरत होतं.

"बाबा, तुमी आत जा ना. तुमचा हक्क हाये."

"राहू दे. इथं बरं हाये. आता कोनी काई म्हननार नाई."

आतून शब्द कळत नव्हते, नुसता गुंजल्यासारखा आवाज येत होता. एक माणूस तंबाखू थुंकायला बाहेर आला. दारातूनच मागे वळून काहीतरी बोलत येत होता, बाबांना पाहून मध्येच थांबला. बाबांनी त्याला वाट द्यायला पाय आत घेतले. तो थुंकला, तोंड पुसलं आणि परत गेला.

बाबांनी पाठ मागे टेकली. मागे स्मारकाची भिंत होती, तीच, बाहेरच्या अंगानं. बाहेर फरशी नाही, खरबरीत गिलावा आहे. तिथून आतलं काहीच ऐकू येत नाही. मी स्वतः कान लावून पाहिलं आहे. मला हे कोणापेक्षाही जास्त माहीत होतं.

तरी मी समोरच्या बांध्यांकडे पाहत असल्यासारखं दाखवून डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे पाहत होते, त्यांची मान भिंतीकडे वळते का.